यूपीएससीसाठी इंग्रजी पेपर कोणता लावू? (महिना २५० रुपये)

परांड्याचा_गडी: नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी पूर्व परीक्षा द्यायचीये, मुख्य परीक्षा मराठीतूनच लिहिणार. घरी लोकसत्ता येतो. जोडीला एक इंग्रजी पेपर हवाय. हिंदू की एक्स्प्रेस? महिन्याला २५० च्या वर जमणार नाही. एजंट म्हणतो, बार्शीहून एसटीनं मागवावा लागेल, म्हणजे हातात पडेस्तोवर दुपार. दिवसभर दुकानात असतो, वाचायला तासभरच मिळतो.

पेठेतला_जुना: हिंदू. डोळे झाकून. सदाशिव पेठेत खोलीत आम्ही चौघं एकच पेपर फाडून वाटून घ्यायचो. सोबत योजना, कुरुक्षेत्र ही सरकारी मासिकं आणि चालू घडामोडींचं एखादं मासिक लाव. हजारभर जातील, पण साहेब व्हायचंय ना?

एक्स्प्रेसवाली: हिंदूचे दिवस गेले. एक्स्प्रेसचं 'एक्स्प्लेन्ड' पान कापून वहीत चिकटवायचं. माझ्या अशा अकरा वह्या झाल्यात.

रद्दीकाका: ताई, त्या अकरा उघडल्या किती वेळा?

एक्स्प्रेसवाली: प्रश्न तो नाहीये काका.

रद्दीकाका: बरं. इंग्रजी रद्दीला आमच्याकडं किलोमागे दोन रुपये जास्त मिळतात. तेवढं बजेटमध्ये धर रे गड्या.

पेठेतला_जुना: दोन रुपये? कुठला रद्दीवाला देतो? आमचा तर काटाच मारतो.

क्लासपीडित: मी एका क्लासला चाळीस हजार भरले. तिथले सर रोज तासभर पेपर वाचून दाखवायचे. वाचता मलाही येत होतं.

मुख्य_तीनदा: तीन मुख्य दिल्या, यादीत नाव नाही, त्यामुळं माझं ऐकायचं की नाही ते तू ठरव. पहिल्या वर्षी रोज तीन तास पेपर वाचला आणि पूर्वलाच उडालो. आता जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) अभ्यासक्रम वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय. त्यात बसत नाही ती बातमी सोडायची. कोण कुणाला काय बोललं, कोण कुठल्या पक्षात गेलं, सगळं सोडायचं. राज्यपालांनी विधेयक अडवलं की संविधानातलं कलम २०० आणि २०१ काढायचं. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) बदलला की तो ठरवणाऱ्या पतधोरण समितीतले सहा जण कोण नेमतं, ४ टक्के महागाईचं लक्ष्य २०१६ साली कसं ठरलं, ते बघायचं. पाणथळ जागा रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेली की नकाशावर बोट ठेवायचं. आपलं नांदूर मध्यमेश्वर आधी गेलं, मग लोणार, मग ठाणे खाडी. बातमीला दोन मिनिटं, तिच्या मागच्या पुस्तकाला वीस.

आणि पूर्वची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच असते. 'फिस्कल डेफिसिट' दिसल्यावर राजकोषीय तूट आठवायला वेळ गेला तर मेलास. इंग्रजी पेपर त्यासाठी. हिंदू की एक्स्प्रेस, ह्यानं काडीचा फरक पडत नाही. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रकं, तर फुकटच आहे.

सातारकर_७७: हिंदूच लाव. आणि पीआयबी वाच, फुकट असतं.

एक्स्प्रेसवाली: वर तेच लिहिलंय दादांनी.

सातारकर_७७: मग बरोबरच लिहिलंय की.

पेठेतला_जुना: पीआयबी म्हणजे सरकारी कौतुक. संपादकीयाशिवाय निबंध कसा लिहिणार? २५० मार्कांचा पेपर आहे तो.

मुख्य_तीनदा: संपादकीय आठवड्यातून दोन पुरे. रोज वाचली की आपलं मतच उरत नाही, हे निबंधात मार खाऊन कळलंय.

क्लासपीडित: राज्यसेवेची मुख्यही वर्णनात्मक झालीये. तीही दे की.

परांड्याचा_गडी: सगळ्यांचे आभार. पेपर लावत नाही. इथल्या वाचनालयात एक इंग्रजी पेपर येतो, त्याची घडीही कुणी मोडत नाही. ग्रंथपाल काका आदल्या दिवशीचा घरी न्यायला देतात. रात्री दुकान बंद झाल्यावर वाचेन. वाचलेल्या पैशांत नकाशाची वही आणि रिचार्ज.

पेठेतला_जुना: शिळा पेपर वाचून कलेक्टर! कर काय करायचं ते.

एक्स्प्रेसवाली: पण वाचनालयात येतो कोणता?

परांड्याचा_गडी: टाइम्स.