मुलगा २४ वर्षांचा, डॉक्टरकडे यायला तयारच नाही. काय करावं?

ऐरोलीची आई:
डिप्लोमा झाला, महापेला नोकरी लागली, गणपतीनंतर सुटली. त्याचं म्हणणं, ऑफिसातले लोक फोनमधून त्याचं बोलणं ऐकतात. आता वरच्या मजल्यावरचेही ऐकतात. वायफायची वायर काढून ठेवलीय, सेट-टॉप बॉक्सवर काळी चिकटपट्टी लावलीय. रात्रभर हॉलमध्ये येरझाऱ्या. माझ्या हातचं खात नाही, त्यात काहीतरी घातलंय म्हणतो. फक्त गरम भाकरी त्याच्यासमोर मोडून आधी मी घास घेतला, तर त्याच ताटातली उरलेली तो खातो. बाकी बंद पुड्यातली बिस्किटं.

डॉक्टरांचं नाव काढलं की "मी वेडा आहे का?" म्हणून दार आपटतो. अंगावर कधी आलेला नाही. यांची रबाळ्याला शिफ्ट ड्युटी, रात्री बऱ्याचदा घरात मी आणि तोच. नणंद म्हणते लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. ओळखीतले एक जण म्हणाले, गोळ्या कुस्करून डाळीत घाला. एवढा मोठा मुलगा, ओढून कसा नेणार? आणि नुसतं बघत तरी कसं बसायचं?

कळव्याहून:
ताई, १४४१६ ला फोन करा. टेलि-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलानेच बोलायला हवं असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. भावाच्या आजारपणात आम्हाला असं कुणी विचारायलाही नव्हतं.

वर्तकनगरची मावशी:
ताई, माझ्या मुलीला स्किझोफ्रेनिया आहे, भास आणि संशय होणारा मानसिक आजार. तुमच्या मुलाला काय आहे ते डॉक्टरच सांगतील, पण तुमची ती भाकरी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

डाळीत गोळ्या मुळीच घालू नका. डॉक्टरांनी त्याला पाहिलेलंही नाही, कुठली गोळी, किती घालणार? आणि जेवणात काहीतरी आहे हा संशय त्याला आधीच आहे. एकदा ताटात कण दिसला की तुमच्या हातची भाकरीही बंद होईल. आज घरात त्याचा विश्वास त्या एका घासावर टिकलाय.

तो हट्ट करतोय असं समजू नका. अशा आजारात आपण आजारी आहोत हे कळणंच बऱ्याचदा जातं. "कुणी ऐकत नाही रे" असं समजावण्यात आमच्या घरी रात्रीच्या रात्री गेल्या, उपयोग शून्य. "हो, ऐकतात" असंही म्हणायचं नाही. मी म्हणायचे, "मला आवाज येत नाहीत, पण तू घाबरलीयेस ते दिसतंय. झोप नाही ना झाली?" शेवटी ती डॉक्टरांकडे आली ती झोपेसाठी. तुमचाही मुलगा रात्रभर जागतोय, तिथूनच सुरुवात करा.

आधी तुम्ही दोघं जाऊन या. झोप कधी बिघडली, काय बोलतो, काय खातो, घराण्यात कुणाला होतं का, सगळं वहीत लिहून न्या. गांजा ओढतो का तेही न चिडता विचारा, त्याने असे संशय वाढतात. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. ते १९०१ पासूनचं, नावाने माणसं बिचकतात, पण ओपीडीत दाखवून माणूस घरी परत येतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही माहीत असू द्या. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघाला, किंवा जिवावर बेतेल इतकं स्वतःकडे दुर्लक्ष झालं, तर तो नको म्हणाला तरी दाखल करता येतं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ, अशा दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका. हातात सुरी घेतली तर तुम्ही शेजारी जा. दोन्ही वेळी ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. शेजारणीला आजच सांगून ठेवा, लाज धरू नका. घरात तुम्ही दोघंच असता.

लग्नाचं मात्र कुणाचंही ऐकू नका. परक्या मुलीला अंधारात ठेवून घरात आणायचं, हे मला पटत नाही.

माझी मुलगी आता महिन्यातून एकदा इंजेक्शन घेते. रोजच्या गोळीवरून व्हायची ती भांडणं संपली. पुढे कधी गोळ्यांचा प्रश्न आला तर डॉक्टरांना याबद्दल विचारा.

ऐरोलीची आई:
मावशी, यांना वाचून दाखवलं. शनिवारी सुट्टी आहे, दोघं जाऊन येतो. तो यायला तयार झालाच तर ट्रेनने नेऊ का? गर्दीत फार घाबरतो.

वर्तकनगरची मावशी:
ट्रेन नको, रिक्षा करा. त्याला दोघांच्या मध्ये बसवू नका, कडेला बसू दे. आणि दवाखान्यात आधी फोन करून पहिला नंबर मागून घ्या, म्हणजे बाकावर ताटकळायला नको.