सलाइनही चालू आणि अंगावर सूजही, हे एकाच वेळी कसं?

रातकिडा:
वडील इन्फ्लुएन्झाने आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. बीपी पडतंय म्हणून नॉरॲड्रेनॅलिन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडतंय." पण हातपाय तर सुजून टम्म, अंगठी कापून काढावी लागली! विषाणू फुप्फुसात, मग रक्तवाहिन्यांची काय भानगड?

नाइटड्यूटी:
उपचारांचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला, मी आत काय चालतं तेवढं सांगतो. दोन्ही खरं आहे. पाणी शरीरात आहे, पण वाहिनीत नाही.

वाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एन्डोथेलियम. त्यावर साखर-प्रथिनांचा नाजूक थर, ग्लायकोकॅलिक्स. गंभीर संसर्गात आपल्याच प्रतिकारशक्तीची रसायनं या अस्तराला झोडपतात. थर सोलवटतो, पेशींचे सांधे सैल होतात, अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) आणि पाणी बाहेर झिरपतं. शिवाय नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होऊन वाहिन्या ढिल्या पडतात, म्हणून त्या आवळणारं नॉरॲड्रेनॅलिन. सरासरी रक्तदाब निदान ६५ मिमी (पारा) ठेवायचा असतो. नुसतं सलाइन ओतत राहिलं तर तेही झिरपून फुप्फुसात जातं. "अजून एक बाटली लावा ना" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे पटवणं महाकठीण!

मी मॉनिटरसोबत बोटाचं टोकही बघतो. दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे बारीक वाहिन्यांत रक्त नीट पोचत नसलं, तर बीपीचा आकडा कितीही छान असो, मला चैन पडत नाही.

डासद्वेष्टा:
डेंगीतही हेच ना? मला तर ताप उतरल्यावर ॲडमिट केलं होतं.

नाइटड्यूटी:
बरोबरच केलं. गळती बहुधा ताप उतरायच्या सुमारासच सुरू होते. तिथे विषाणूचं एनएस१ प्रथिनही हा थर खरवडतं. सगळे प्लेटलेट मोजत बसतात, मी आधी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, बघतो. तो चढला म्हणजे रक्तातलं पाणी निसटतंय.

रातकिडा:
वडिलांना पोटावर हेपॅरिनचं (रक्त पातळ ठेवणारं) इंजेक्शनही देतात, म्हणे छोटा डोस. मोठा का नाही?

नाइटड्यूटी:
दुखावलेलं अस्तर व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन सोडतं, त्यामुळे गुठळ्यांचा धोका वाढतो. छोटा डोस त्यासाठीच. मोठ्या डोसचं आकर्षण कोविडमध्ये आम्हालाही होतं. पण २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत आयसीयूतल्या कोविड रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा दिसला नाही, आणि रक्तस्रावाची भीती असतेच.

उद्या राउंडच्या वेळी दोनच गोष्टी विचारा: लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) उतरतंय का, आणि नॉरॲड्रेनॅलिन कमी करता आलं का.