बाथरूममधल्या पाइपांचे आवाज: टाइल्स फोडाव्या लागतील का?

धागाकर्ता:
१२ मजली इमारत, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून थेट येतं, मध्ये पंप नाही. भिंतीतले पाइप सीपीव्हीसीचे (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक). आवाज तीन प्रकारचे:
बेसिनचा गरम पाण्याचा जुना, फिरवायचा नळ अर्धा उघडला की घूंऽऽ करतो.
शॉवरचा क्वार्टर टर्न (पाव फेरीत बंद होणारा) कॉक झटकन बंद केला की भिंतीत धाडकन ठोका बसतो.
फ्लशची टाकी भरत आली की शिट्टी वाजते.
प्लंबर म्हणतो, फोडा आणि पाइप बदला. सल्ला द्या.

प्रतिसाद १:
फोडू नका. तीन आवाज, तीन कारणं, आणि तिन्हींच्या मागे बहुधा प्रेशर.

आधी नळाचं बघा. घूं करतोय तो वायसर. स्पिंडलच्या (मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला पितळी तुकड्यावर तो बसवलेला असतो. ढिला झाला किंवा गरम पाण्याने फुगला की वेगाच्या पाण्यात थरथरतो. पूर्ण उघडल्यावर आवाज थांबतो का पाहा. थांबला तर हेच. खालचा अँगल कॉक (त्या नळाचं पाणी तोडणारा भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करा, नळ उघडून पाणी काढून टाका, मूठ काढा, पान्याला फडकं गुंडाळून स्पिंडल उलटं फिरवून बाहेर घ्या. वायसर गरम पाण्याला चालणाराच मागा; साधा रबरी काही महिन्यांत पुन्हा फुगेल. नळाच्या आत बोट घालून सीट, म्हणजे वायसर टेकतो ती जागा, चाचपा. खड्डे लागले तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. स्पिंडलला खोबरेल लावायची खोड अनेकांना असते, त्याने रबर खराब होतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

प्रतिसाद २:
ठोक्याबद्दल. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात; दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. तुमच्या नळापासून टाकी ३५ मीटर वर धरली तर साडेतीन बार झाले. बाथरूमला दोन पुरतात. क्वार्टर टर्न कॉक क्षणात बंद होतो, धावतं पाणी जागच्या जागी अडतं आणि तो धक्का पाइपभर फिरतो. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात १ मीटर प्रतिसेकंद वेगाचं पाणी असं थांबलं तर दाब क्षणभर दहा बारच्याही वर उसळतो. सीपीव्हीसी लवचीक असल्याने त्यात कमी, पण क्लॅम्प ढिला असेल तर पाइप भिंतीवर आपटतोच.

खर्च करण्याआधी एक चाचणी: डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह अर्धा बंद करून तोच कॉक झटकन बंद करा. ठोका मंदावला तर मेनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारा) बसवा. त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने, दाब दाखवणाऱ्या गेजसकट, सगळे नळ बंद असताना २ बारवर लावा. फ्लशची लाइन वेगळी असेल तर तिला वेगळा लागेल. डक्टमधल्या उघड्या आडव्या अर्धा इंची पाइपाला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा.

प्रतिसाद ३:
एवढं कशाला? लाइनीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वर फूटभर बंद पाइप उभा करा, आतली हवा धक्का खाते.

प्रतिसाद २:
खाते, पण काही महिनेच. हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पाइप पाण्याने भरतो आणि ठोका परत. मग लाइन रिकामी करून पुन्हा हवा भरायची. भिंतीत गाडलात तर तेही जमणार नाही. बसवायचाच तर पिस्टनवाला अरेस्टर (धक्का शोषणारी बंद नळी, हवा आणि पाणी पिस्टनने वेगळं) घ्या, वॉशिंग मशीनच्या नळाजवळ तो खरा कामाचा, कारण मशीनचा व्हॉल्व्ह फटकन मिटतो.

आणि महत्त्वाचं: रिड्यूसिंग व्हॉल्व्हनंतर गीझरमध्ये तापून वाढलेल्या पाण्याला मागे जायला बहुधा वाट राहत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतील. गळती समजून तिथे बूच मारू नका.

प्रतिसाद ४:
फ्लशची शिट्टी सगळ्यात सोपी. पाणी भरत आलं की इनलेट व्हॉल्व्हची फट अरुंद होते आणि जोराचं पाणी त्यातून वाजतं. अँगल कॉक थोडा बंद करा. टाकी भरायला मिनिटभर जास्त लागेल, बिघडलं कुठे? तरी वाजली तर व्हॉल्व्ह उघडून आतली रबरी चकती आणि जाळी धुवा, चकती कडक झाली असेल तर बदला.

धागाकर्ता:
मेन अर्धा बंद करून पाहिला, ठोका जवळजवळ गेला. पण गरम नळ बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं भिंतीत टक्‌ टक्‌ येतं, ते?

प्रतिसाद १:
तो पाइप निवतोय. ३ मीटर सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला तर सुमारे ७ मिलिमीटर लांबतो, निवताना तेवढाच आखडतो आणि सिमेंटला अडकत सरकतो. गीझरचं तापमान ६० वरून ५० वर आणा, कमी होईल. पाइपाला त्याने धोका नाही.