रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे नाते दोन्ही बाजूंनी चालते

‘वाढलेल्या रक्तदाबाने मूत्रपिंड निकामी होते, म्हणून दाब सांभाळला की झाले’ हे नेहमीचे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नाते उलट दिशेनेही चालते, म्हणजे मूत्रपिंडातील बिघाडानेही रक्तदाब वाढतो, आणि ते प्रयोगाने ठामपणे दाखवले हॅरी गोल्डब्लाट यांनी. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे काम करताना या विकृतिशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्यांवर घट्ट-सैल करता येणारा चांदीचा छोटा चिमटा बसवला. रक्तपुरवठा आवळताच दाब वाढला आणि वाढलेलाच राहिला, असे त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केले. खरे तर टिगरस्टेट आणि बर्गमन या संशोधकांनी १८९८ मध्येच सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कातून दाब वाढवणारे ‘रेनिन’ शोधले होते, परंतु त्याकडे कित्येक वर्षे फारसे कुणी पाहिले नाही.

आज रेनिनमुळे पुढे तयार होणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनला अडवणारी औषधे मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी दिली जातात. मात्र दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर हीच औषधे मूत्रपिंडाचे काम एकदम मंदावू शकतात, आणि म्हणूनच ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासतात. ही तपासणी अनेकजण उगाच टाळतात.