झेनॉन फ्लुओराइड लेसर ४५० केल्विनला तापवला, तरी ऊर्जा घटली

प्रश्न:
इलेक्ट्रॉन बीमने पंप केलेला (म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांनी वायूला ऊर्जा दिलेला) ३५१ नॅनोमीटरचा लेसर. बीम ३५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, बीम ज्यातून वायूत शिरतो ती फॉइल २५ मायक्रॉन टायटॅनियमची. निऑनमध्ये ०.३% झेनॉन, ०.१% नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड. दाब ३ अ‍ॅटमॉस्फिअर. गरम वायूत हा लेसर जास्त कार्यक्षम होतो हे १९७९ पासून माहीत आहे. सेल (वायूचं भांडं) तापवला, दाब ३ वरच ठेवला, पण पल्सची ऊर्जा थंड सेलपेक्षा कमी. डायोडचं (बीम तयार करणाऱ्या भागाचं) व्होल्टेज आणि करंट तेच आहेत. काय तपासू?

प्रतिसाद १:
दाब ३ वर ठेवलात, तिथेच घोळ झाला. इलेक्ट्रॉन वायूत किती ऊर्जा सोडतात हे घनतेवर ठरतं. खोलीच्या ३०० केल्विनवरून ४५० केल्विनला जाताना दाब तोच ठेवायचा तर एक तृतीयांश वायू बाहेर जातो आणि पंपिंगही साधारण तेवढंच पडतं. थंड सेल भरा, व्हॉल्व्ह बंद करा, शॉट घ्या, मग तापवा. पण ३ चे ४.५ होतील आणि फॉइलच्या पलीकडे निर्वात आहे. फॉइलला आधार देणाऱ्या जाळीची तेवढ्या दाबाची चाचणी झाली नसेल तर थंड असताना २ अ‍ॅटमॉस्फिअरच भरा, आणि तुलना त्याच भरणीच्या थंड शॉटशी करा.

उष्णतेचा फायदा खरा आहे. झेनॉन फ्लुओराइड रेणूची खालची पातळी (प्रकाश सोडल्यावर तो जिथे येतो ती) सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेली असते. गरम वायूत ती लवकर तुटून रिकामी होते. क्रिप्टॉन फ्लुओराइडची खालची पातळी जवळपास सुटीच, त्यामुळे तिथे या कारणाने काही मिळत नाही.

प्रतिसाद २:
वायूत किती ऊर्जा जमा झाली याचा अंदाज नको, शॉटनंतरची दाबाची उडी मोजा. एकअणू वायूत जमा ऊर्जा = १.५ × एकूण आयतन × दाबवाढ. २० लिटरमध्ये १० किलोपास्कल म्हणजे ३०० जूल. आयतनात बंद व्हॉल्व्हपर्यंतच्या नळ्याही धरा. सेन्सर थंड नळीवर असला तरी चालेल, कारण सूत्रात तापमान येतच नाही. सुरुवातीला ध्वनिलहरी आणि डायोडचा विद्युत गोंगाट दिसतो; तो शमल्यावरची उतरती रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवा. प्रकाश होऊन निघून गेलेली ऊर्जा यात येत नाही, म्हणून आकडा खालची मर्यादा समजा.

प्रतिसाद ३:
घनता सांभाळूनही ऊर्जा पडली तर भिंतींकडे बघा. गरम पृष्ठभाग फ्लुओरिन वेगाने खातात. सेल ४५० केल्विनलाच पॅसिव्हेट करा (फ्लुओरिनयुक्त वायू भरून भिंतींवर संरक्षक थर बसू द्या). थंडीत केलेलं पुरत नाही. व्हायटॉन या रबराच्या ओ-रिंगांना हे तापमान जवळपास मर्यादेचं आहे, निकेल किंवा अ‍ॅल्युमिनियमचे गॅस्केट बरे. खिडक्याही तापवा. त्या थंड राहिल्या तर वायू फिरत राहतो, घनता जागोजागी बदलते आणि लेसरचा किरण वाकतो. हे दाबावरून काढलेल्या ऊर्जेत दिसत नाही, पण रेझोनेटरची (लेसरच्या आरशांची) जुळणी बिघडवतं.