५०० वॉटचे बेस हेड आणि दोन कॅबिनेट: एकत्र जोडावीत का?

चारतारी (सातारा)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यातील एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे ५०० वॉटचे ट्रान्झिस्टर हेड (स्पीकर नसलेला अँप्लिफायर) आणि चार दहा-इंची स्पीकरांचे ८ ओहमचे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आहे; ओहम हे विद्युत रोधाचे माप. लग्नाच्या हॉलमध्ये तेवढ्यावर व्यवस्थित भागते, परंतु यात्रेच्या मैदानात ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की बेस जमिनीत मुरल्यासारखा नाहीसा होतो. म्हणून मी सांगलीहून एका पंधरा-इंची स्पीकरचे जुने कॅबिनेट विकत आणले. त्यामागचे लेबल झिजलेले असून ‘३०० वॉट’ एवढेच वाचता येते. माझ्या हेडमागे ‘किमान ४ ओहम’ असे छापले आहे आणि त्याशेजारी स्पीकरसाठी दोन सॉकेट आहेत. एका मित्राचे म्हणणे असे, की हेडमधून पहिले आणि पहिल्यातून दुसरे कॅबिनेट अशी माळ लावली तर ओहमची बेरीज होते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. हे बरोबर आहे का? शिवाय ५०० वॉटचे हेड ३०० वॉटचा स्पीकर फाडणार नाही ना? गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आले आहेत, म्हणून विचारतो.

विश्रामबागकर (सांगली)

दादा, आधी एक विनंती करतो: ते कॅबिनेट मोजल्याशिवाय हेडला लावू नका. ‘किमान ४ ओहम’ याचा अर्थ सर्व कॅबिनेट मिळून होणारा भार ४ ओहमच्या खाली जाता कामा नये. हेडवरची दोन्ही सॉकेट साधारणतः आतून एकमेकांना समांतर (प्रवाहाला दोन वेगळ्या वाटा) जोडलेली असतात आणि कॅबिनेटमागचे दुसरे सॉकेटही बहुतेक वेळा पहिल्याला समांतरच असते. त्यामुळे माळ लावली काय किंवा हेडमधून दोन केबल काढल्या काय, हिशेब एकच राहतो. आपल्या मित्राने सांगितलेली बेरीज सिरीज जोडणीत (एकामागोमाग, प्रवाहाला एकच वाट) होते, आणि नेहमीच्या केबलने सिरीज जोडणी होतच नाही. ८ आणि ८ समांतर जोडले तर ४ ओहम होतात, ही जोडी आपल्या हेडला चालेल. मात्र ८ आणि ४ जोडले तर २.६७ ओहम होतात, आणि ते अजिबात चालणार नाही.

आता मोजण्याविषयी. नव्या कॅबिनेटमध्ये स्पीकर केबल घाला, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी त्याच्या दांड्याला लावा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा दिसतो, तो वजा करायला विसरू नका. मीटर डीसी रोध (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा) दाखवतो आणि तो छापील आकड्यापेक्षा नेहमी कमी असतो: ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवेल, ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास. जाळी काढता आली तर दोन्ही हातांची बोटे कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) सारखी पसरून तो हलकेच आत दाबून पाहा. खरखर ऐकू आली, तर कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासते आहे असे समजावे.

चारतारी (सातारा)

काका, मनापासून आभार. पिना टेकवल्यावर ०.३ दिसले आणि कॅबिनेटला ३.७, म्हणजे ३.४ धरतो. कोन दाबला तेव्हा काहीही आवाज आला नाही.

विश्रामबागकर (सांगली)

म्हणजे ते ४ ओहमचे आहे. आपले हेड ४ ओहमवर ५०० वॉट देते, तेव्हा साधारण ११ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच व्होल्टेजवर २.६७ ओहमचा भार आला, तर हेडकडून जवळजवळ १७ अँपिअर मागितले जातील. चांगले हेड अशा वेळी स्वतःला बंद करून घेते, परंतु त्या भरवशावर मैदानात उतरू नये.

स्पीकर फाटण्याबद्दल सांगायचे, तर हेडचे वॉट जास्त असणे हा एवढ्यानेच दोष ठरत नाही. स्पीकर दोन प्रकारे मरतो: कॉइल तापून जळते, किंवा कोन मर्यादेपलीकडे हलतो. चौथी तार ४१ हर्ट्झची आहे. हेडवर बेसची कळ पूर्ण फिरवून ती जोरात छेडली, तर निम्म्या वॉटमध्येही कोन ठोकर खाऊ शकतो. उलट लहान हेड सतत क्लिप होत राहिले (क्षमतेपलीकडे ताणल्याने आवाजाच्या लहरीचे शेंडे कापले जात राहिले), तर त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच अधिक शक्ती कॉइलमध्ये जाते. म्हणून आवाज फाटू लागला किंवा जळक्या लाखेसारखा वास आला, की त्याच क्षणी कळ खाली आणावी.

माझा सल्ला असा, की त्या पेटीत ८ ओहमचा, पेटीच्या घनफळाला साजेसा पंधरा-इंची स्पीकर बसवून घ्या. दोन्ही कॅबिनेट ८ ओहमची झाली, की शक्ती सारखी विभागली जाईल, म्हणजे प्रत्येकाला सुमारे अडीचशे वॉट मिळतील.

मिरजवाला

वरचा धोका मी स्वतः अनुभवला आहे, म्हणून लिहितो. दोन ४ ओहमची कॅबिनेट मी एका हेडला लावली होती. तालमीत बारीक आवाजावर दोन महिने काहीही झाले नाही, त्यामुळे जोडणी योग्य आहे असा माझा समज झाला. प्रत्यक्ष कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला हेड गेले. त्या रात्री मी गिटारची केबल स्पीकरला वापरली होती आणि तीही हाताला गरम लागत होती. गिटारच्या केबलमधील आतली तार अगदी बारीक असते. स्पीकरसाठी किमान दीड चौरस मिलिमीटरची, लांब अंतर असेल तर अडीचची दोन तारांची केबल घ्यावी.

ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे हेड आहे, त्यांनी मात्र आणखी सावध राहावे. १९६९ साली आलेल्या अँपेगच्या ३०० वॉटच्या एसव्हीटीसारख्या हेडांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून ओहम निवडण्याचा खटका कॅबिनेटशी जुळवावा लागतो आणि स्पीकर न लावता असे हेड कधीही वाजवू नये.

चारतारी (सातारा)

नवा ८ ओहमचा स्पीकर बसवला. वेगळे मोजले तेव्हा दहा-इंची कॅबिनेट ५.८ आणि हे ६.० दाखवते, परंतु दोन्ही एकत्र केल्यावर मीटर २.९ दाखवतो आहे. हे ४ पेक्षा कमी असल्यामुळे मी अजून हेड चालू केलेले नाही.

विश्रामबागकर (सांगली)

थांबलात ते उत्तम केलेत, परंतु हा आकडा योग्य आहे. तो डीसी रोध आहे. छापील हिशेबाने भार ४ ओहमच होतो. आता एकच गोष्ट तपासा: १.५ व्होल्टचा सेल क्षणभर प्रत्येक कॅबिनेटच्या केबलला लावा, त्याचा धन भाग प्लगच्या टोकाला टेकवा आणि दोन्हींचे कोन बाहेर येतात का ते पाहा. एक बाहेर आणि एक आत जात असेल, तर नव्या स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा, नाहीतर दोन कॅबिनेट असूनही मैदानात बेस पूर्वीपेक्षा कमी ऐकू येईल. मग हेड बंद ठेवून दोन्ही केबल लावा, व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि त्यानंतरच बटण दाबा.