पोरींच्या हॉकी मॅचला आदिवासी कला दाखवायची आहे, कशी दाखवू?

महालवाली: आमच्या क्लबची पोरींची मॅच आहे पुढच्या महिन्यात, जर्सीवर न् बॅनरवर आदिवासी चित्रं घ्यायचं ठरून राहिलं. वारली बरी दिसेल का? मध्यंतरात नाच पण ठेवायचाय.

झिरोमाईल: वारली काहून? ती पालघर-डहाणूकडची, गेरूवर तांदळाच्या पिठाची. आपलं नागपूर १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलं, मग गोंड चित्रं घ्या ना. हरणाच्या अंगावर ठिपके न् बारीक रेघा भरतात ते, मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या गोंड चित्रकारानं भोपाळहून जगभर नेलेलं. पण गूगलवरून उचलून छापू नका बे, चित्रकाराला पैसे द्या न् जर्सीवर त्याचं नाव टाका. मागं एका कार्यक्रमात बॅनरवर चित्र छापलं न् चित्रकारालाच पत्ता नव्हता, लई वाईट वाटलं.

टर्फवाला: नाच टर्फवर नको, पाणी मारलेलं असते, अनवाणी पाय घसरतात. मध्यंतर दहाच मिनिटाचं. गडचिरोलीकडचा रेला नाच मॅचच्या आधी बाहेर ठेवा, एकमेकींचे हात धरून साखळी करतात, प्रेक्षकही शिरतात त्यात.

महालवाली: हे भारी! सरांना सांगते.

झिरोमाईल: आणि माईकवर फक्त नाचाचंच नका बोलू, हॉकीतल्या आदिवासी खेळाडूंचंही सांगा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताचे कॅप्टन जयपालसिंग मुंडा होते, आणि झारखंडमधल्या सिमडेग्याची सलीमा टेटे पण भारताची कॅप्टन झाली.